गाडी एकच आहे

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, असं मी बरेच दिवस स्वतःला विचारत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांना लिहावं लागतं ते छाती, कंबर आणि बाही, एवढंच. त्यामुळे कुणाचं वर्णन करायचं म्हटलं की मलाही आधी मापंच सुचतात. आणि सरांचं माप घ्यायचं म्हणजे मोठंच धाडस. पुण्यात माणसांवर लिहिणारे इतके आहेत की वाशीमकडून आलेल्या मुलाने त्यात शिरू नये, हे मला कळतं. सरांनी हे वाचायला घेतलं तर पहिल्या ओळीत चुका काढतील आणि दुसरी ओळ वाचणार नाहीत. म्हणून पहिली ओळ मी जपून लिहिली आहे. पुढची मोकळेपणाने लिहितो. चुकलो तर माफ करावं.

सर जर्मन शिकवायचे. मंडईच्या मागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या घरातल्या पुढच्या खोलीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"कुठून आलात?"

"वाघोलीहून, सर."

"मी गाव विचारलं. बस कुठे पकडली ते नव्हे."

"वाशीमकडचा आहे."

"मग तसं सांगा. वाघोली हे काही गाव नाही. खराडी आणि वाघोली या पुण्याबद्दल उठलेल्या अफवा आहेत. जर्मन कशाला हवंय?"

मी सांगितलं की आमच्या कॉलेजातून काही मुलांना एका सत्रासाठी जर्मनीला पाठवतात. भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. वडिलांनी निकालाआधीच सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, हे मात्र सांगितलं नाही.

"म्हणजे तुम्हाला परीक्षा पास व्हायचंय. जर्मन शिकायचं नाहीये."

"दोन्ही, सर."

"दोन्ही एकदम करणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. या आत. चपला बाहेर. बाहेर म्हणजे सरळ. तिरक्या नव्हेत."

सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. शेजारच्या चौथीतल्या मुलाला, दूधवाल्याला, जिन्यात झोपणाऱ्या मांजरालासुद्धा. "आपण जरा बाजूला होता का?" असं ते मांजराला विचारायचे आणि मांजर व्हायचं. मला आधी हा आदर वाटला. नंतर कळलं की पुण्यात कुणाला लांब ठेवायचं असेल तर आदर सगळ्यात स्वस्त पडतो.

त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्या हातावर आपली वेळ, उजव्यावर जर्मनीची. सकाळच्या वर्गात कुणी जोरात हसलं की ते उजवं मनगट बघून म्हणत, "हळू. लोक झोपलेत तिकडे." हे ते विनोदाने म्हणतात की खरंच, हे शेवटपर्यंत कुणालाही विचारता आलं नाही.

जर्मनीत गाडीला उशीर होतो, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचे जुने विद्यार्थी तिकडून निरोप पाठवत, की सर, फलाटावर तासभर उभे आहोत, गाडीचा पत्ता नाही. सर तो निरोप वर्गात मोठ्याने वाचून दाखवत आणि उत्तर सांगत, "गाडी वेळेवरच असणार. तुम्ही लवकर गेलात." एकाने तर गाडी रद्द झाल्याचा फोटो पाठवला. सरांनी चष्मा वर करून तो नीट पाहिला आणि म्हणाले, "हे दुसऱ्या कुठल्यातरी देशात उतरलेत."

परीक्षेसाठी जे लागतं ते सर शिकवत नसत. पत्रलेखन, रिकाम्या जागा, चित्रवर्णन, यातलं काही नाही. "त्यासाठी कर्वे रस्त्यावर दुकानं आहेत," असं म्हणत. त्यांची पद्धत वेगळी होती. रविवारी ते खोलीतल्या सगळ्या खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत एकामागे एक लावायचे. ती गाडी. आम्ही प्रवासी. सर कधी तिकीट तपासनीस, कधी शेजारची म्हातारी, कधी गाडीतली घोषणा. गाडी कुठे चाललीय हे कुणालाच माहीत नसायचं. मध्येच ते टाळी वाजवून एखाद्याला म्हणायचे, "उतरा. हे लाइपझिश." तो बिचारा उभा राहून, नसलेल्या फलाटावर, नसलेल्या माणसाला, नसलेल्या हॉटेलचा रस्ता विचारायचा. चुकला तर त्याला त्याच गावात ठेवून गाडी पुढे जायची. पल्लवी नावाची कॉलेजातली मुलगी माझ्याबरोबर क्लासला होती. ती एकदा म्युन्शेनला "म्युनिक" म्हणाली म्हणून उरलेला सगळा वर्ग कपाटाजवळ उभी होती.

आणि पहिला धडा. सगळीकडे पहिल्या धड्यात "माझं नाव अमुक" असं शिकवतात. सर शिकवायचे: "दीझर त्सूग विर्ट गेटाइल्ट." म्हणजे, ही गाडी विभागली जाणार आहे. पुढचे डबे एका गावाला जातील, मागचे दुसऱ्या. स्वतःचं नाव सांगता येत नसलेली माणसं गॅलरीकडे तोंड करून हे वाक्य म्हणत असायची. सगळ्यांनी एकसुरात, मोठ्याने, सरांचं समाधान होईपर्यंत. लोक झोपलेत वगैरे तेव्हा लागू नसे. दर नव्या बॅचला हेच. पल्लवीने पहिल्याच आठवड्यात परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधल्या. ते वाक्य एकदाही आलेलं नव्हतं.

"सर, ह्याचा उपयोग काय?" तिने विचारलं.

"उपयोग वाक्याचा नसतो, न येण्याचा तोटा असतो. पुन्हा म्हणा."

आता त्या सहलीबद्दल. सर तरुणपणी पिंपरीकडच्या एका कारखान्यात होते. तिथली यंत्रं जर्मन, म्हणून चौघांना प्रशिक्षणाला तिकडे पाठवलं होतं. परतण्याआधी सुट्टी मिळाली, तेव्हा हे चौघे रेल्वेचा पास काढून, काहीही न ठरवता, समोर येईल त्या गाडीत बसून शहरामागून शहरं पाहत हिंडले. हांबुर्ग, ब्रेमेन, क्योल्न, जिथे वाटलं तिथे उतरले. सरांच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट न ठरवता झाली असावी, आणि तिच्याबद्दल ते अत्यंत ठरवून बोलत. तीच गावं, त्याच क्रमाने, तेच विनोद.

"नियोजन हे घाबरट लोकांचं काम आहे," असं म्हणत ते फडक्याने फळा पुसायचे. सोमवारचं फडकं वेगळं, मंगळवारचं वेगळं.

"तेव्हा तुमचं जर्मन चांगलं असेल, सर," मी एकदा भीतभीत म्हणालो.

"छे! मला 'डांके' येत होतं. तेही कुठे म्हणायचं ते माहीत नव्हतं. मी शिकलो ते परत आल्यावर, इथे, पुण्यात. एकट्याने."

ही सहल न्यूर्नबेर्गपर्यंत आली की सर थांबायचे आणि व्याकरण काढायचे. न्यूर्नबेर्गच्या पुढे काय झालं, ते त्यांनी वर्गात एकाच वाक्यात सांगितलं होतं. "पुढे, गाडीत घोषणा झालेली असूनही, आमच्यातले एक गृहस्थ चुकीच्या डब्यात बसले."

ते गृहस्थ, म्हणजे आम्हा मुलांचे काका, समोरच राहत. म्हणजे अगदी समोर, गल्लीच्या पलीकडे, सरांच्या गॅलरीसमोर त्यांची गॅलरी. मधे इतकं अंतर की एकाने पेपर उलटला तर दुसऱ्याला बातमी कळावी. पण त्या सहलीपासून दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. बाकीच्या दोघांपैकी एक वारले होते आणि एक मुलाकडे अमेरिकेत होते. म्हणजे त्या गोष्टीचे साक्षीदार हेच दोघे, समोरासमोर, रोज. बोलायची वेळ आली तर विद्यार्थी वापरत.

"त्या गृहस्थांना सांगा, त्यांची स्कूटर आमच्या दारात येतेय."

मी जिना उतरून, समोरचा जिना चढून सांगायचो. काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "त्यांना सांगा, स्कूटर उभी आहे. सुटणारी गाडी नव्हे, घाबरू नका."

मी परत येऊन सांगायचो. दोघांनाही सगळं आधीच ऐकू गेलेलं असायचं. तरी सर माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबत. ही पद्धत होती.

काका मला आवडायचे. रविवारी सकाळी मंडईतून भाजी आणत आणि गॅलरीत बसून निवडत. निरोप घेऊन गेलं की बसवून घेत, शेंगा पुढे करत. एकदा मीच विचारलं, "काका, तुम्ही चुकीच्या डब्यात बसलात म्हणजे काय झालं?"

"बसलो?" त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "बसलो असं सांगतो का हा? अरे, बसवला मला. न्यूरेंबर्गला गाडीत शिरलो. तिघांना जागा मिळाली, चौथ्याला नाही. मी म्हटलं, उभा राहतो. हा म्हणाला, कशाला उभा राहतोस, पुढच्या डब्यात रिकामी बाकं आहेत. जा, बस जा, गाडी एकच आहे."

"मग?"

"मग काय! गाडी एक नव्हती. मध्ये कुठेतरी तिचे दोन तुकडे केले लेकांनी. आपल्याकडे डबे तुटले तर अपघात म्हणतात, तिकडे सोय म्हणतात. हे तिघे एकीकडे, मी एकटा एकीकडे. आणि सगळ्यांचे पासपोर्ट, पास, सगळं ह्याच्या पिशवीत. का, तर हा जबाबदार! तपासनीस आला तेव्हा माझ्याकडे दाखवायला होती शेंगदाण्याची पुडी."

"पकडलं?"

"दुपारभर पोलीस चौकीत बसलो. त्या गावाचं नाव मला अजून म्हणता येत नाही. माणसं चांगली होती, हं. कॉफी दिली, पाव दिला. समोरच्याने इतक्या वर्षांत चहा विचारला नाही." काकांनी एक शेंग फोडली. "ते सोड. गाडी तुटली त्याचं काही नाही रे. संध्याकाळी हे तिघे शोधत आले. ह्याने मला पाहिलं, आणि ह्याचं पहिलं वाक्य काय? 'तू चुकीच्या डब्यात बसलास.' बरा आहेस ना, हे नाही. काही खाल्लंस का, हे नाही."

मी शेंगा सोलत राहिलो. समोरच्या गॅलरीतून तेव्हाच नव्या बॅचचा आवाज आला, दीझर त्सूग विर्ट गेटाइल्ट. काका म्हणाले, "हे आणिक वर. वर्षानुवर्षं हेच रडगाणं, तेही माझ्याकडे तोंड करून. अर्थ काय त्याचा?"

मला सांगायचा धीर झाला नाही. स्टेशनातलं एक वाक्य आहे, एवढंच म्हणालो.

मी जर्मनीला निघायच्या सुमारास काकांच्या मुलीने खराडीत फ्लॅट घेतला. दिवाळीनंतर काका तिकडे कायमचे राहायला जाणार, असं त्यांनी मला सांगितलं. "लिफ्ट आहे म्हणे. समोर काय आहे विचारलं, तर म्हणाली, दुसरी बिल्डिंग. म्हटलं, त्यात कोण राहतं? म्हणाली, बाबा, तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. म्हटलं, मग इथल्यासारखंच!"

मी हे सरांना सांगितलं. निरोप म्हणून नाही, नुसतंच. सर खुर्च्या लावत होते. हातातली खुर्ची त्यांनी जिथे ठेवायची तिथे ठेवली नाही, धरूनच उभे राहिले.

"खराडीला," ते म्हणाले. "तिथे मनुष्यवस्ती आहे?" आणि मग, "दिवाळीनंतर म्हणजे पाडव्यानंतर की तुळशीच्या लग्नानंतर?"

"ते नाही विचारलं."

"अहो, मग अर्धी माहिती आणता कशाला?"

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ह्यांना समोरच्यांशी काहीतरी बोलायचं आहे. आणि ते सोडून जगातलं दुसरं काहीही करायला हे तयार आहेत. दर रविवारी गाडी मांडतील, दर बॅचकडून ते वाक्य घोकून घेतील, पण गल्ली ओलांडणार नाहीत. जिने तेवढेच होते. मी रोज चढत होतो.

परीक्षा मी पास झालो. कसा ते विचारू नये. निघताना सरांच्या पाया पडलो, तर म्हणाले, "वाकू नका, पाठीला लागेल. न ठरवता फिरा."

न ठरवता फिरण्याचा आमचा मुळीच विचार नव्हता. आम्ही तिघं होतो, मी, पल्लवी आणि निखिल. निखिल आमच्याच वर्गातला, पण तो क्लासला गेला नव्हता. मोबाइलवर जर्मन शिकला होता, आणि त्याचा मोबाइलवर जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्या आईचा देवावर नसेल. सुट्टी लागली तेव्हा त्याने सगळी सहल आखली. कोणती गाडी, कोणता फलाट, कुठे उतरायचं, कुठे झोपायचं. पहिल्याच स्टेशनात गाडी रद्द झाली. दुसरी उशिरा आली, त्यामुळे तिसरी गेली. संध्याकाळपर्यंत त्याच्या आखणीतलं एकही गाव आमच्या वाट्याला उरलं नव्हतं, आणि आम्ही व्युर्त्सबुर्ग नावाच्या शहरात एका बाकावर बसून आईने दिलेला ठेचा पावाला लावून खात होतो.

"तुमचे सर काय म्हणाले असते?" निखिल म्हणाला.

"म्हणाले असते, तुम्ही लवकर आलात," पल्लवी म्हणाली.

मग येईल त्या गाडीत बसायला लागलो. सरांनी ठरवून काही ठरवलं नव्हतं. आमचं ठरलेलं मोडलं म्हणून आम्ही न ठरवता हिंडलो. तरी शहरं सारखीच दिसली असतील. बांबेर्गला नदीच्या मधोमध बांधलेलं घर पाहिलं. लाइपझिशला रस्ता विचारायची पाळी आली तेव्हा मी उभा राहून अगदी सरांच्या खुर्चीगाडीतल्यासारखा विचारला. समोरच्या बाईने इंग्रजीत उत्तर दिलं. आईचा फोन यायचा. "तिथं भाकर भेटते का रे बापू?" मी म्हणायचो, पाव भेटतो. ती म्हणायची, "पावानं काय होते!"

न्यूर्नबेर्गला गाडीत चढलो तेव्हा गर्दी होती. मला आणि पल्लवीला जागा मिळाली. सगळ्यांचे पासपोर्ट पल्लवीच्या कमरेच्या पिशवीत होते, कारण ती जबाबदार. निखिलचा मोबाइल बंद पडत आला होता आणि आमच्या बाकाजवळचं चार्जिंग चालत नव्हतं. दार बंद व्हायच्या आत तो खाली उतरला आणि फलाटावरून ओरडला, "मी पुढच्या डब्यात बसतो रे! गाडी एकच आहे ना!"

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. पण मी बुजरा माणूस. भर गाडीत ओरडायचं कसं, म्हणून गप्प बसलो. बाहेर शेतं होती, पवनचक्क्या होत्या. पल्लवीला डुलकी लागली होती. आणि मग छतातल्या स्पीकरमधून एका बाईच्या शांत आवाजात ते वाक्य आलं. दीझर त्सूग विर्ट. पुढचा शब्द तिने म्हणायच्या आत मी मोठ्याने म्हटला. समोरचा म्हातारा दचकला. "विर्ड नव्हे, विर्ट. ट!" असं सर माझ्या कानात म्हणाले, असं मला खरंच वाटलं.

पुढच्या डब्यात जायला आतून वाटच नव्हती. गाडी थांबताच मी उतरून फलाटावरून धावलो. आयुष्यात एवढा धावलो नसेन. निखिल चार्जर लावून, कानात काहीतरी घालून, डोळे मिटून बसला होता. मी त्याला कॉलर धरून उठवलं.

"अरे! काय झालं?"

"उतर!"

"चार्जर—"

"राहू दे चार्जर, उतर आधी!"

आम्ही मागच्या डब्यात शिरलो आणि खिडकीतून पाहिलं. कसलाही आवाज न होता पुढचे डबे सुटे झाले आणि चालू लागले. निखिलचा चार्जर एका गावाला गेला, निखिल दुसऱ्या. त्याने मोबाइल काढून चाळला. मग म्हणाला, "माझ्या ॲपमध्ये हे वाक्य नव्हतं."

पल्लवी हसत होती. मला हसू येईना. मी काकांचा विचार करत होतो, शेंगदाण्याची पुडी घेऊन बसलेले. आणि सरांचा. अख्खं वर्ष घोकलं तेव्हा कुठे मला ते वाक्य कळलं. सर म्हणाले होते, त्या दिवशीही गाडीत घोषणा झाली होती. असेल. पण तेव्हा सरांना 'डांके' एवढंच येत होतं. मग त्यांना तरी काय कळलं असेल? चूक काकांच्या समजण्यात नव्हती. कुणालाच काही कळलं नव्हतं. फक्त एकाने "जा, गाडी एकच आहे" म्हटलं होतं, आणि मग पुण्याला येऊन, एकट्याने, ती भाषा मुळापासून शिकला होता. माफी मागण्यापेक्षा जर्मन शिकणं ज्याला सोपं वाटतं, असा मनुष्य मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आणि जर्मन काही सोपी भाषा नाही.

परत आल्यावर सरांकडे गेलो. हे सगळं सांगितलं. ते खूष होतील असं वाटलं होतं.

"मग?" ते म्हणाले. "कामी यावं म्हणूनच शिकवलं होतं वाक्य. चार्जर गेला?"

"गेला."

"छान. आठवण राहील."

मी उठलो, पुन्हा बसलो. वडिलांसमोरसुद्धा मी असं कधी बोललो नसेन. "सर, एक विचारू? त्या दिवशीची घोषणा तुम्हाला कळली होती का?"

सर उठले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी तो पुसू लागले. बुधवार होता आणि हातात सोमवारचं फडकं होतं. समोर काकांच्या गॅलरीत खोकी रचलेली दिसत होती. बराच वेळ पुसून झाल्यावर ते पाठमोरेच म्हणाले, "अहो, तुमची वाघोलीची बस चुकेल."

मी उतरलो. त्यानंतर महिनाभर त्यांनी माझा फोन घेतला नाही. मला वाटलं, संपलं. दिवाळीला गावी गेलो. वडिलांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी ओळख "जर्मनीवाला" अशी करून दिली. माझं लक्ष नव्हतं. तुळशीच्या लग्नाची तारीख मी कॅलेंडरात पाहून ठेवली होती.

पल्लवी पुढच्या परीक्षेसाठी अजून क्लासला जात होती. तिचा फोन आला तेव्हा मी काज करायच्या यंत्राशेजारी बसलो होतो.

"अरे, आज काय झालं ऐक," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

काकांचा गल्लीतला शेवटचा रविवार. टेम्पो दुपारी येणार होता. सरांनी खुर्च्या नेहमीसारख्या लावल्या, मुलांना बसवलं, आणि खिडकीजवळची पहिली खुर्ची रिकामी ठेवली. मग गॅलरीत गेले. काका समोर नेहमीसारखे मेथी निवडत होते. एक मुलगा सवयीने उठला, निरोप न्यायला. सरांनी त्याला हाताने बसवलं. आणि मांजरालाही अहो म्हणणारे सर गल्लीपलीकडे ओरडले:

"अरे ए! वर ये!"

काकांनी मागे वळून पाहिलं. "कुणाला म्हणताय?"

"तुलाच म्हणतोय. चल, गाडी सुटतेय."

काका आले, मेथीची पिशवी घेऊन. सरांनी त्यांना खिडकीजवळ बसवलं. कपाटातून आपला जुना, कधीच मुदत संपलेला पासपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला. मग रांगेतली शेवटची खुर्ची स्वतः उचलून गॅलरीत नेली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "मी सांगितलं म्हणून तू तिकडे बसलास. आज मी बसतो."

काकांनी पासपोर्ट उघडून आतला फोटो पाहिला, सरांकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. आणि मग, एकही जर्मन शब्द कधी न शिकलेल्या काकांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "दीझर त्सूग विर्ट गेटाइल्ट!" अगदी बिनचूक. इतकी वर्षं समोर बसून ऐकलेलं.

"त्सूगचा ऊ अजून लांब," गॅलरीतून सर म्हणाले.

"सर, आत या ना आता," कुणीतरी म्हणालं.

"बसू दे," काका म्हणाले. "मी दुपारभर बसलो होतो." आणि उरलेली मेथी वर्गातच निवडायला घेतली.

सर खरंच बसले. वर्ग संपला, मुलं उठली, तरी बसून होते. काका उठले, काड्या कागदात गुंडाळल्या, गॅलरीच्या दारात जाऊन उभे राहिले. "काही खाल्लंयस का?" त्यांनी विचारलं. सरांनी मान हलवली. नाही. काकांनी पिशवीतून शेंगा काढून त्यांच्या ओंजळीत दिल्या आणि जिना उतरले. दुपारी टेम्पो गेला.

"आणि पासपोर्ट?" मी विचारलं.

"तेच तर! तो काकांनी पिशवीतच टाकला. मेथीबरोबर खराडीला गेला. सरांना सांगितलं तर म्हणाले, तो आणायला मलाच जावं लागेल." पल्लवी थांबली. "तुला विचारायला सांगितलंय त्यांनी. म्हणाले, त्या वाघोलीवाल्यांना माहीत असेल."

"काय?"

"मंडईवरून खराडीला बस कोणती जाते. आणि वाटेत तिचे दोन भाग तर करत नाहीत ना."